प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर रात्रीचं उठणं : आपापले अनुभव लिहा

लातूर : दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. लघवीची धार सुधारली, ताटकळत उभं राहणं गेलं. रात्रीचं उठणं मात्र सुटत नाही. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या काकांचंही हेच गाऱ्हाणं होतं. चारचौघांत यावर कुणी बोलत नाही, म्हणून विचारतोय. औषधांची नावं नकोत, काय घडलं ते लिहा.

परभणी : आपुन शेतकरी माणूस. रात्रीची लाईट, म्हणून मोटार चालू करायला उठायची सवयच. नळी काढल्यावर सुरुवातीला लई आग व्हायची, मधूनच लालसर यायचं, लागली की दम निघायचा नाही. डॉक्टर म्हणले, आतली जखम भरायला महिना-दीड महिना लागतो. तवर मोटारसायकल अन् पोती उचलणं बंद. आग गेली, घाई गेली. एखाद्या वेळी उठायलोय अजून. चालतंय.

नांदेड, निवृत्त मुख्याध्यापक : मला तीन दिवस लघवी मोजायला सांगितली होती. मापाचा प्लास्टिकचा जग आणला, जुन्या डायरीत रकाने आखले: वेळ, किती मिली, काय प्यालो. सौ. म्हणाल्या, आता हजेरीपटच राहिला होता! पण त्या रकान्यांनीच उलगडा केला. चोवीस तासांतली जवळपास निम्मी लघवी रात्रीची निघाली. आमच्या वयात हा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला, की रात्री लघवीच जास्त तयार होते असं धरतात. ऑपरेशननं वाट मोकळी होते, तयार होणारं पाणी कमी होत नाही. उलट दर वेळी थोडी थोडीच होत असती, तर मूत्राशयाकडे बघावं लागलं असतं.

माझ्या पायांवर संध्याकाळी मोज्यांचे वळ उमटायचे. दिवसभर पायांत साचलेलं पाणी आडवं झालं की रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते बाहेर काढतात. आता दुपारनंतर तासभर पाय उशांवर. बीपीसाठीची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी होती, ती डॉक्टरांनी दुपारी आणली. मीठ कमी करायचं म्हणून लोणचं सुटलं; ठेचा सुटत नाही. झोप बरीच सलग लागते.

बीड, सूनबाई : मामांनी उठायच्या धास्तीनं पाणीच तोडलं, तेही आमच्याकडच्या मे महिन्यात. लघवी गडद झाली, जळजळ, मग थंडी वाजून ताप. तपासणीत इन्फेक्शन निघालं. आता सकाळपासून भरपूर पाणी, रात्रीच्या जेवणानंतर गोळीपुरता घोट. संडास अंगणापलीकडे आहे, म्हणून खाटेखाली युरिन पॉट ठेवला. "मी काय अंथरुणाला खिळलोय का?" म्हणून दोन दिवस बोलले नाहीत. अंधारात पाय घसरण्यापेक्षा त्यांचा राग परवडला.

जालना : शुगर तपासा. माझी वाढलेली निघाली.

हिंगोली : घोरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. माझा झोपेत श्वास अडकायचा. रात्री मास्कचं मशीन लावायला लागल्यापासून उठणंही घटलं. रात्रीचं उठणं श्वास अडकण्याशी जोडलेलं असू शकतं, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

लातूर : सर, सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीत धरायची की दिवसात?

नांदेड : रात्रीत. झोपायला जाण्याआधीची मात्र दिवसात. आणि ते तीन दिवस लग्नाकार्याचं आमंत्रण घेऊ नका, जग घेऊन मांडवात फिरावं लागेल.