मदत हवी आहे: दसऱ्याच्या सुट्टीत आई आणि मुलाला घेऊन कुठला सोपा गड?

कर्वेनगरकर:

मंडळी, गडांच्या बाबतीत आम्ही अगदीच कच्चे आहोत. आमची मजल म्हणजे पर्वती, आणि कधीतरी गाडीने सिंहगडावर जाऊन भजी खाऊन परत. यंदा दसऱ्याला नागपूरहून ताई आणि भावजी येताहेत. सगळ्यांनी मिळून एक दिवस डोंगरात घालवायचं ठरलंय. भर पावसातला चिखल नको, आणि एप्रिलसारखा उघडाबोडका डोंगरही नको. पाऊस सरलेला, हिरवं अजून शिल्लक, आणि वरून लांबवर दिसतंय, असं काहीतरी हवं.

आता मंडळींची कुंडली. आई ६४ वर्षांची. सपाटीवर ती माझ्यापेक्षा जास्त चालते, पण पायऱ्या उतरताना गुडघा धरते. मुलगा नऊ वर्षांचा. त्याला चालवण्यापेक्षा थांबवणं अवघड. ताईला उंचीची भीती आहे, उघडा कडा दिसला की ती जागच्या जागी बसते. भावजी ‘मी काहीही चढेन’ म्हणतात, त्यामुळे त्यांचीच जास्त काळजी.

रतनगडाच्या पिवळ्याधमक उतारांचे फोटो पाहून सगळे हरखलेत. ऑफिसातला एक मित्र म्हणतो, रतनगड सोपाच आहे, तीन तासांत वर. दुसरा म्हणतो, जायचंच तर कळसूबाईला जा, निदान ‘सर्वोच्च शिखर’ सांगता येईल. दसऱ्याला ते पिवळं दिसेल का? आणि तसं दुसरीकडे, पुण्याच्या जवळ, कुठे बघायला मिळेल?

पायवाट:

आधी तारीख बघा, गड नंतर ठरवू. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला आहे. गेल्या वर्षी तो २ ऑक्टोबरला होता. त्यामुळे ‘दसऱ्याच्या सुमारास’ म्हणून कोणी गेल्या वर्षीचे फोटो दाखवत असेल तर तो हिशोब यंदा लागू नाही. तुम्ही फोटोत पाहिलेलं पिवळं रानफूल म्हणजे सोनकी, ती काही पंचांग बघून फुलत नाही. रतनगडाच्या परिसरात, भंडारदऱ्याच्या बाजूला ती साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धात भरात असते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत ओसरू लागते. साताऱ्याजवळच्या कास पठाराचंही गणित जवळपास हेच. वीस तारखेला तुम्हाला फुलं दिसतील ती तुरळक. गवत मात्र तेव्हा सोनेरी व्हायला लागलेलं असतं, आणि मला विचाराल तर ते फुलांपेक्षा कमी नाही.

फुलांचाच हट्ट असेल तर २ ऑक्टोबर यंदा शुक्रवारी आहे, जोडून शनिवार-रविवार. पण त्या तीन दिवसांत कास आणि भंडारदऱ्याला गाड्यांची रांग लागते, हे गृहीत धरा. कासला ऑनलाइन बुकिंग करूनच निघा.

रतनगड तुमच्यासाठी नाही. रतनवाडीतून जंगलातून वर जाणारी वाट सुरेख आहे, पण शेवटी लोखंडी शिड्या आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्यावर माणसं खोळंबून उभी असतात. ताई तिथेच बसतील. पिवळे उतार बघायला गड चढायची गरजही नाही. शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर असा धरणाच्या काठाने रस्ता फिरतो. गाडी लावा, शेताच्या बांधावरून थोडं चाला, अमृतेश्वराचं देऊळ बघा. आईंना हे जास्त आवडेल. फक्त पुण्याहून एका दिवसात जाऊन यायचं म्हणाल तर सगळा दिवस गाडीतच जाईल. एक मुक्काम हवाच.

आणि कळसूबाई नवरात्रात? वर देवीचं ठाणं आहे, नऊ दिवस जत्रा असते. दर्शनाला जायचं तर जरूर जा. निवांतपणा शोधत असाल तर तेव्हा नको.

भटक्या_निवांत:

लोहगड! पायऱ्या आहेत, चार दरवाजे आहेत, विंचूकाटा नावाची डोंगराची लांब सोंड आहे, २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. गाडी थेट लोहगडवाडीपर्यंत. एवढा विचार कशाला?

मावळकर:

निवांतराव, पायऱ्या आहेत म्हणूनच नको. ‘सोपा गड’ विचारला की सगळे चढायला किती वेळ लागतो ते सांगतात. गुडघा चढताना फारसं बोलत नाही, उतरताना बोलतो. लोहगडाच्या पायऱ्या उंच आणि एकसलग आहेत, सावलीतल्या तर ऑक्टोबरातही ओलसर असतात. शिवाय सुट्टीच्या दिवशी तिथे दरवाजातून चालावं लागत नाही, गर्दीच पुढे नेते. तिकोनाही याच कारणाने बाद. शेवटच्या खड्या पायऱ्या नवख्याला घाम फोडतात. पवना धरणाचा देखावा मात्र तिथला लाजवाब, पोरगा मोठा झाला की त्याला घेऊन जा.

मी कोरीगड सुचवेन. लोणावळ्याहून अँबी व्हॅलीच्या रस्त्याला पेठ शहापूर, तिथून वाट. आधी झाडीतून, मग पायऱ्या. पायऱ्या इथेही आहेत, पण रमतगमत गेलात तरी तासाभरात वर. खरी मजा पुढे आहे. गडमाथा सपाट, दोन तळी, कोराईदेवीचं मंदिर, आणि तटबंदी बरीचशी शाबूत असल्यामुळे तटाच्या कडेने गडाची प्रदक्षिणा घालता येते. ताईंना आपल्या आणि दरीच्या मध्ये भिंत असल्याचा धीर वाटेल. पावसाने हवा धुऊन निघालेली असते, त्यामुळे या दिवसांत तुंग, तिकोना, लोहगड, राजमाची असे ओळखीचे गड स्पष्ट ओळखू येतात. नोव्हेंबर सरता सरता धुरकट व्हायला लागतं, मग तेच डोंगर नुसते सावलीसारखे दिसतात.

एकच सांगणं: सकाळी सातला पायथ्याला असा. परतीचा पाऊस वीस तारखेपर्यंत साधारण आवरतो, पण दुपारनंतर ढग भरून येऊन कडकडाट व्हायला एक गरम दिवस पुरतो. सपाट उघड्या माथ्यावर विजेत सापडणं वाईट. ढग काळे दिसू लागले की जेवण पायथ्याला करायचं, वर डबा उघडायचा नाही. आणि विजा नसल्या तरी अकरानंतर ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला भाजून काढेल.

कर्वेनगरकर:

मावळकर, उतरण्याचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, आभार. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘हे गृहस्थ शहाणे दिसतात.’ आता दोन शंका. काठी खरंच उपयोगी पडते की नुसती शोभेची? आणि साधे स्पोर्ट्‌स शूज चालतील का?

पायवाट:

काठी घ्याच. उतरताना आधी काठी खालच्या पायरीवर, मग दुखरा पाय, मग चांगला. पायऱ्या नसतील तिथे सरळ न उतरता नागमोडी उतरायचं. बूट म्हणाल तर तळव्याला खोल खाचा हव्यात. ऑक्टोबरात शेवाळ वाळतं, पण त्याच्या जागी घसारा सुरू होतो. वाळलेला मुरूम, बारीक खडे, आणि त्यावर गुळगुळीत तळव्याचा बूट म्हणजे थेट बसकण. भावजींचे बूट आधी तपासा.

अत्तर, डिओ मारून जाऊ नका, आणि तटाखाली किंवा कड्याजवळ शेकोटी, सिगारेट काहीही नको. आग्यामोहोळ उठलं की गडावर पळायला जागा नसते. उंच वाढलेल्या गवतात मुलाला पुढे पळू देऊ नका, पायवाट सोडायची नाही एवढं त्याला आधीच पढवून ठेवा.

सासवडची:

सगळे मावळात का अडकलात? मल्हारगड बघा. दिवे घाट चढून सोनोरी किंवा झेंडेवाडीकडून जायचं. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख पानसे यांनी १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधलेला, मराठ्यांनी बांधलेल्या गडांतला अगदी शेवटचा. गड छोटा, चढ अर्ध्या तासाचा. देखावा सह्याद्रीच्या दऱ्यांसारखा नाही, हे मान्य. खाली शेतं आणि बागा दिसतात. पण परतताना सासवडच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या भरलेल्या असतात. नागपूरकरांना संत्र्यांचा अभिमान असेल, त्यांना आमचं सीताफळ खाऊ घाला आणि मग बोला.

कर्वेनगरकर:

भावजींना हे वाचून दाखवलं, ते आताच वाद घालायला तयार आहेत. रायरेश्वराचं नावही कोणीतरी सुचवलं होतं. पठार आहे म्हणे, म्हणजे आईसाठी उत्तम?

मावळकर:

पठार उत्तमच. भोरवरून आंबवडे, कोर्ले असा रस्ता आहे आणि आता गाडी बरीच वरपर्यंत जाते. वर लोकवस्ती आहे, सांगून ठेवलंत तर पिठलं-भाकरी मिळते. देवळापर्यंतची वाट जवळपास सपाट, समोर केंजळगड. पण पठारावर पोचायला लोखंडी शिडी आहे. कठडे आहेत, आजीबाई आरामात चढतात. अडचण आईंची नाही, ताईंची. त्यांना शिडीचा फोटो आधी दाखवा आणि त्या काय म्हणतात ते बघा. ‘बघू’ म्हणाल्या तर रायरेश्वर, ‘नाही’ म्हणाल्या तर कोरीगड. तिथे जाऊन समजूत घालू, असं ठरवून मात्र निघू नका.

कर्वेनगरकर:

फोटो पाठवला. उत्तर आलं: ‘तुम्ही जा, मी खाली गाडीत बसते.’ म्हणजे कोरीगड. दसऱ्याच्या दिवशी घरी पूजा आणि श्रीखंड, त्यामुळे आदल्या दिवशी, सोमवारी १९ ला पहाटे साडेचारला निघतोय. मल्हारगड ताई-भावजी परत जायच्या आधी एखाद्या सकाळी. पेठ शहापूरला सकाळी सातला चहा मिळतो का, की थर्मास घेऊ?

भटक्या_निवांत:

थर्मास घ्या. आणि माझ्यासाठी लोहगडावर एक दिवस राखून ठेवा.