पॅनसेक्शुअल म्हणजे नेमकं काय? मावसबहिणीने सांगितलंय

द्राक्षबागवाला:
मंडळी चेष्टा करायची असेल तर प्लीज दुसरा धागा बघा. माझी मावसबहीण, वय २३, कॉलेज रोडला राहते, मागच्या आठवड्यात मला म्हणाली दादा मी पॅनसेक्शुअल आहे. मी बरं म्हणालो आणि गप्प बसलो, कारण बोललो असतो तर काहीतरी बरळलोच असतो. आता डोक्यात भुंगा आहे की हे बायसेक्शुअलच की काहीतरी वेगळं, कोणीही चालतं असा अर्थ होतो का? त्यात मावशीचं स्थळं बघणं जोरात चालूये, सातपूरच्या कंपनीतला एक मुलगा जवळजवळ पक्काच धरलाय. मी मावशीच्या कानावर घालू का, नंतर त्या पोराला फसवलं असं नको व्हायला.

सिडकोकर:
कोणीही चालतं असं नसतं हो. तुम्हाला बायका आवडतात म्हणून काय सगळ्या आवडतात का? तसंच आहे. तिला कोणी आवडायचं तर ती व्यक्ती पुरुष आहे, बाई आहे, ट्रान्स आहे की या कशातच न बसणारी आहे, ही अट मधे येत नाही, बाकी आवडीनिवडी असतातच. बाय म्हणजे एकापेक्षा जास्त जेंडरचं आकर्षण, त्यामुळे दोन्हीत बराच भाग सारखा आहे, काहीजण दोन्ही सांगतात स्वतःबद्दल. बाय लोकांना ट्रान्स व्यक्ती आवडत नाहीत असं कुठे वाचलं असेल तर ते चूक आहे. आणि एकावेळी अनेक जोडीदार हा तर पूर्ण वेगळा विषय.

तर्री_कमी:
इन्स्टाचं फॅड आहे सगळं, लग्न झालं की उतरतं

नाशिकरोड_४१:
@तर्री_कमी मी पॅन आहे, वय ४१, लग्नाला बरीच वर्षं झाली, उतरलेलं नाही. बायकोला लग्नाआधीच माहीत होतं. बाईशी लग्न केलं म्हणून मी स्ट्रेट झालो नाही आणि पॅन आहे म्हणून बाहेर तोंड मारत फिरतो असंही नाही, पण लोकांना हे दोनच पर्याय दिसतात त्याला काय करणार. आणि इन्स्टाचं म्हणाल तर पॅनसेक्शुअल हा शब्द मनोविश्लेषक फ्रॉइडच्या काळातही होता, अर्थ तेव्हा वेगळा होता एवढंच. अमेरिकन गायिका मायली सायरस २०१५ मध्ये स्वतः पॅन असल्याचं उघड बोलली तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांच्याही कानावर आला.

@द्राक्षबागवाला मावशीला अजिबात सांगू नका. तिने तुम्हाला सांगितलंय, खानदानाला नाही. त्या मुलाची फसवणूक तेव्हा होईल जेव्हा तिच्या मनाविरुद्ध तिला उभं करतील, पॅन आहे म्हणून नाही. तिला तो मुलगा आवडूही शकतो की!

गोदाकाठची:
वकिलीत आहे म्हणून थोडं. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान लोकांचे संमतीचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ ला बाहेर काढले, म्हणजे गुन्हा वगैरे काही नाही. लग्नाचं मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने समलिंगी जोडप्यांना नाही म्हटलं. त्याच निकालात ट्रान्स व्यक्ती भिन्नलिंगी नात्यात असेल तर सध्याच्या कायद्याने लग्न करू शकते असं आहे, म्हणजे तिचा जोडीदार उद्या कोण असेल त्यावर कायदा बदलतो, विचित्र आहे पण आहे. आणि घरात कळून कोणी तिला "बरं करायला" डॉक्टरकडे न्यायची भाषा केली तर नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच असली कन्व्हर्जन थेरपी डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलीय, हे लक्षात ठेवा.

द्राक्षबागवाला:
ओके मावशीला काही बोलत नाही. पण त्या स्थळाचं तिला कसं विचारू? रविवारी मिसळ खायला येणारे.

नाशिकरोड_४१:
सरळ विचारा, तुला हे लग्न आत्ता करायचंय का. नाही म्हणाली तर शिक्षण, नोकरी काहीही कारण काढून मावशीला थोपवायला तिच्या बाजूने उभे रहा, दादा म्हणून तेवढं जमेल. "आधी कुठली मुलगी आवडलेली का" हे मात्र विचारू नका, आणि हा विषय मिसळीच्या हॉटेलात तर नकोच, शेजारच्या टेबलवर कोण ओळखीचं निघेल सांगता येत नाही आपल्याकडे.