शब्दचर्चा : टाकीच्या दाराचं ‘एसआर’ मराठीत काय म्हणावं?

भुसावळहून प्रश्न
इथे एका कामावर पाण्याची मोठी पोलादी टाकी उभी राहतेय. वेल्डर-फिटर मंडळींसाठी कामाची पद्धत मराठीत लिहून भिंतीवर लावायची आहे. तळालगत गाळ काढायचं दार आहे. ते आधी जोडून, भट्टीत घालून, मगच टाकीच्या पत्र्यात बसवायचं. या भट्टीच्या कामाला ड्रॉइंगवर ‘स्ट्रेस रिलीव्हिंग’ (एसआर) लिहिलंय. मी ‘तणावमुक्ती’ लिहिलं, तर फोरमन म्हणाला, भाऊ, हे योगशिबिराचं पोस्टर वाटतंय. ‘अनुशीतन’ (अ‍ॅनीलिंग) चालेल का? आणि त्या दाराला काय म्हणावं?

फॅब्रिकेटर, धुळे
आमच्याकडे ‘जॉब एसआरला गेला’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. साइटवरच हीटरचे पॅड गुंडाळून करायचं असेल, तर पोरं ‘शेकून घ्या’ म्हणतात. माझं मत ‘शेकणे’ला.

निवृत्त शिक्षक, चोपडा
लोहाराच्या भाषेत शोधा ना. विळ्याला पाणी देतात, आणि विळा विस्तवात पडला की त्याचं पाणी उतरतं. आमच्या अहिराणीत ‘लोहार पानी देस’ असंच म्हणतात. मग याला ‘पाणी उतरवणे’ का नको?

वेल्डिंग तपासनीस, जळगाव
गुरुजी, शब्द झकास आहे, पण इथे लागू पडत नाही. पाणी द्यायचं म्हणजे लाल लोखंड झटक्यात थंड करून कडक करायचं. टाकीचा पत्रा साधं सौम्य पोलाद, त्याला कुणी पाणी दिलेलंच नसतं. मग उतरवणार काय?

‘अनुशीतन’ही नको. पूर्ण अनुशीतनात पोलाद त्याची घडण बदलते त्या तापमानाच्या वर न्यावं लागतं, आणि तो बदल सुमारे ७२७ अंशांना सुरू होतो. हे काम मुद्दाम त्याच्या खाली, ६०० ते ६५० अंश सेल्सिअसला होतं. घडण तीच राहते.

मग होतं काय? वेल्डचा रस थिजताना आकसतो, पण भोवतीचा जाड, थंड पत्रा त्याला आकसू देत नाही. ओढाताण तशीच आत कोंडून राहते, ती पोलादाच्या नमनबिंदूच्या (यील्ड पॉइंट, जिथे पोलाद कायमचं वाकायला लागतं) आसपास जाऊ शकते. त्यात दारासाठी पत्रा कापलेला. एका दिशेने ताणलेल्या रुंद पत्र्यात गोल भोक पाडलं, तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. म्हणून तिथे जादा प्लेट लावतात, म्हणजे आणखी वेल्ड, आणखी कोंडलेला ताण. ६०० अंशांवर पोलाद इतकं नरमतं, की तेवढा ताण त्याला धरून ठेवता येत नाही. ते किंचित सरकतं आणि ताण खाली येतो. खाली येतो, संपत नाही. म्हणून ‘मुक्ती’ हा शब्दच खोटा आहे. मी ‘ताण उतरवणे’ म्हणेन. ताप उतरतो, सूज उतरते, तसा.

‘शेकणे’ला माझा कडक विरोध. वेल्डिंगच्या आधी टॉर्चने पत्रा गरम करतात, त्यालाही पोरं ‘शेकणे’च म्हणतात. ते काम शंभर-दीडशे अंशांचं. फलकावर ‘दार शेकून घ्यावे’ लिहिलंत, तर कुणीतरी टॉर्च फिरवून ‘झालं साहेब’ म्हणेल.

फॅब्रिकेटर, धुळे
शेकण्याचं पटलं. पण मी इतक्या पाण्याच्या टाक्या केल्या, नोझल (पाइप जोडायचं तोंड) कधी भट्टीत घातलं नाही. ते चुकीचं होतं का?

वेल्डिंग तपासनीस, जळगाव
नाही. २० मीटर व्यासाची, १२ मीटर उंच टाकी घ्या. तळाशी पाण्याचा दाब निघतो सुमारे ०.१२ मेगापास्कल. पत्र्यावर १४० मेगापास्कल ताण चालवून घेतला, तर जाडी येते साडेआठ मिमीच्या जवळ. तेलटाक्यांचं अमेरिकन मानक एपीआय ६५० पाण्याच्या टाक्यांनाही लावतात. त्यात साध्या पोलादाच्या गटांसाठी नोझल भट्टीत घालायची अट येते ती पत्रा २५ मिमीहून जाड आणि तोंड १२ इंच किंवा त्याहून मोठं असेल तेव्हा. आपल्याकडच्या बहुतेक टाक्या त्याच्या आसपासही जात नाहीत.

तळाला टेकलेलं दार मात्र वेगळं. त्याला जाडीची सूट नाही. खालची मजबुतीची प्लेट आणि फ्लँजचा (झाकण बोल्टने बसतं त्या कडेचा) वेल्ड धरून अख्खी जोडणी भट्टीत जाते, दर २५ मिमी जाडीला १ तास या हिशेबाने. पत्रा, तळ आणि दाराची चौकट तिथे एका कोपऱ्यात येतात, हे त्याचं कारण. फलकावर एवढं जरूर टाका : गॅस्केट (गळती रोखणारं पॅकिंग) बसतं तो पृष्ठभाग भट्टीनंतरच मशीनवर घ्या. आधी घेतला तर वाकेल.

निवृत्त शिक्षक, चोपडा
‘पाणी उतरवणे’ मागे घेतो. पण दाराचं नाव माझ्याकडून घ्या. जमिनीला लागून असलेली, पाणी-गाळ वाहून जायची जागा म्हणजे मोरी. घरात आहे, रस्त्याखाली आहे, धरणालाही आहे. ‘गाळमोरी’ म्हणा. तापीचं गढूळ पाणी पाहिलेल्या माणसाला समजवावं लागणार नाही.

भुसावळहून
गाळमोरी पक्की! फोरमनही हसून ‘हां, हे चालेल’ म्हणाला. आता मजबुतीच्या प्लेटला ६ मिमीचं बारीक भोक असतं, ‘टेल-टेल होल’. त्यातून हवा भरून, वेल्डला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतात. त्याला काय म्हणू?

फॅब्रिकेटर, धुळे
‘चुगलीचं भोक’. आतला वेल्ड गळाला की तेच पहिलं सांगतं. आणि भट्टीत घालताना ते बुजवलेलं नाही ना, बघून घ्या. प्लेटखाली कोंडलेली हवा तापली की फुगते.

वेल्डिंग तपासनीस, जळगाव
टाकी चालू झाल्यावरही ते उघडंच ठेवायचं. रंगारी पुट्टी भरून जातात, तेवढं रंगाच्या ठेकेदाराला लिहून द्या.