औषधं वाटली म्हणून गाव बाटत नाही

'मिशनऱ्यांनी क्विनाइन (हिवतापाचं औषध) वाटून थायलंडची खेडी बाटवली' असं म्हटलं जातं, पण इतकं सोपं ते नव्हतं. अमेरिकन मिशनरी डॅनियल मॅकगिल्वरी १८६७ मध्ये उत्तर थायलंडमधल्या चिआंग माईला गेला. औषधं, देवीची लस हे सगळं होतंच. पण पहिला शिष्य नान इंता हा एकेकाळचा भिक्खू, चांगला शिकलेला. मॅकगिल्वरीने १८ ऑगस्ट १८६८ चं सूर्यग्रहण आधीच सांगितलं, ते खरं ठरलं आणि राहूच्या कथेवरचा नान इंताचा विश्वास डळमळला. (आपल्या विजयदुर्गाशी हेलियमच्या शोधाची गोष्ट जोडतात, तेच ग्रहण!)

पुढच्याच वर्षी चिआंग माईच्या राजा काविलोरोटने दोघा नवख्रिस्त्यांना ठार मारवलं. मग आमिषाचा हिशेब कसा लावायचा?

मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते 'फी का' म्हणजे भूत बाळगणारे ठरवून गावाबाहेर हाकललेले लोक. आपल्याकडे डाकीण ठरवतात ना, तसंच. मिशनने त्यांना आसरा दिला, कुटुंबंच्या कुटुंबं चर्चमध्ये आली. यात गरज होती, हे मान्य. १८७८ मध्ये एका ख्रिस्ती लग्नात नातेवाइकांनी पितरांच्या भुतांसाठी पैसे मागितले, तो वाद चिघळला आणि त्यातून धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. तरीही आज थायलंडमध्ये ख्रिस्ती जेमतेम एक टक्का.