मराठी वाचनासाठी ई-रीडर: सोलापुरात घेऊन खरंच उपयोग होईल का?

अशोक चौक
वडिलांसाठी ई-रीडर घ्यायचा विचार आहे. वय ६८, रोजचं तीन-चार तास वाचन, सगळं मराठी. पुस्तकं हिराचंद नेमचंद वाचनालयातून येतात, पण जुन्या आवृत्त्यांचा बारीक टाइप आणि पिवळी पानं आता झेपत नाहीत. फोनवर थोडं वाचलं तरी डोळे चुरचुरतात. बजेट १५ ते १७ हजार.

मराठी पुस्तकं पुरेशी मिळतात का? पेनड्राइव्हवर जुन्या पुस्तकांच्या दोनेकशे पीडीएफ आहेत, त्या वाचता येतील का? आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये यंत्र टिकतं का? आणि आई तेलुगू वाचते, तिलाही हेच यंत्र चालेल का?

खिळेजुळणी
तुमच्या चारही प्रश्नांत पीडीएफचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सहसा लोक आधी यंत्र घेतात आणि मग फाइलींशी झगडतात. आधी फाइली बघा.

मराठी पीडीएफ तीन प्रकारच्या असतात. संगणकावर एक फाइल उघडा, एखादी ओळ माउसने निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ निवडताच आली नाही तर ते नुसते पानांचे फोटो, म्हणजे स्कॅन. ओळ आली पण नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसला तर मजकूर श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला आहे. मराठी जशीच्या तशी उतरली तर युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्राला कळणारी प्रमाण अक्षरपद्धत.

फक्त तिसऱ्या प्रकारचं ईपब (ई-पुस्तकाची फाइल) चांगलं होतं, आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं ते ईपबमध्येच. दुसऱ्या प्रकाराची फाइल कॅलिबर या ई-पुस्तकं बदलून देणाऱ्या प्रोग्राममध्ये घालून रूपांतर केलं तर तोच कचरा पुस्तकभर पसरतो. त्यात कॅलिबरचा दोष नाही. त्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, फॉन्ट काढून घेतला की खाली इंग्रजीच उरते. पहिल्या दोन्ही प्रकारांत पान चित्रासारखं जसंच्या तसं दिसणार. ते लहान-मोठं करता येतं, पण ओळी नव्याने मोडून बसत नाहीत.

आता मापं. ६ इंची स्क्रीन म्हणजे साधारण ९१ बाय १२२ मिलिमीटर. ए-४ पानाची रुंदी २१०, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर तिथे ५ पॉइंटच्या आसपास येतं. ते कोणालाच वाचवणार नाही, ६८ व्या वर्षी तर नाहीच. ७ इंची स्क्रीन १०७ बाय १४२. मराठी पुस्तकं बहुतेक डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराची. त्यांचे समास कापले तर मजकुराचा चौकोन साधारण १०५ बाय १७० उरतो आणि ७ इंचीवर छापील अक्षराच्या ८०-८५ टक्के आकार मिळतो.

स्क्रीन आडवी केली तर चित्र पालटतं. रुंदी १४२ मिळाल्यामुळे अक्षर छापील पुस्तकाच्या सव्वा ते दीडपट होतं आणि एक पान दोन-सव्वादोन टप्प्यांत वाचावं लागतं. वडिलांसाठी हाच मार्ग बरा.

अशोक चौक
दहा-बारा फाइली तपासल्या. एक युनिकोड, तीन कचरावाल्या, बाकी सगळ्या स्कॅन. पुस्तकं डेमीच आहेत. समास कापायचे कसे?

खिळेजुळणी
ब्रिस नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यासाठी संगणकावर ‘जावा’ हे सॉफ्टवेअर असावं लागतं. तो सगळी सम पानं एकावर एक रचून एक धूसर चित्र दाखवतो, विषम पानांचं दुसरं. दोन्हींवर मजकुराभोवती चौकोन ओढायचा आणि नवी फाइल काढायची. सम-विषम वेगळं ठेवण्याचं कारण बांधणी: स्कॅन करताना शिवणीकडची बाजू एका पानात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे जाते. एकच चौकोन लावलात तर निम्म्या पानांवर ओळीचं शेवटचं अक्षर कापलं जाईल. पानाचा आकडा चौकोनात येऊ द्या, अनुक्रमणिकेसाठी लागतो.

के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं दुसरं साधन स्कॅनमधले शब्द कापून ओळीच नव्याने लावतं. देवनागरीत शिरोरेषेमुळे शब्द सलग धरला जातो, त्यामुळे शब्द फारसे तुटत नाहीत. पण जुन्या खिळेछपाईत ओळी दाटीने बसवलेल्या असतात. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात आणि काप चुकीच्या जागी पडतो. कवितेचं पुस्तक त्यातून कधीच काढू नका, कडव्यांचा चुराडा होतो. गद्याची पाच पानं आधी काढून बघा.

फिकट छपाई असेल तर पीडीएफ उघडल्यावर किंडलच्या (अमेझॉनच्या ई-रीडरच्या) सेटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवता येतो. पिवळ्या पानांच्या स्कॅनला त्याने बराच फरक पडतो.

पार्क चौक
पुस्तकं कुठून मिळणार, ते सांगतो. यंत्राची निवड त्यावरच ठरते.

किंडलवर मराठी आली डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. आज तिथे मराठी पुस्तकं बऱ्यापैकी आहेत, पण सगळे प्रकाशक नाहीत, आणि हवं ते नेमकं पुस्तक नसण्याची शक्यता मोठी. बुकगंगावर मराठीचा साठा चांगला आहे, पण तिथली ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात. ती किंडलवर टाकता येत नाहीत. वडिलांची आवड बुकगंगाकडे झुकत असेल तर बूक्ससारखा अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक (कागदासारख्या पडद्याचा) रीडर लागेल, आणि त्यासाठी बजेट वाढवावं लागेल.

फुकटात सगळ्यात स्वच्छ माल मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात. पुस्तकाच्या पानावरून थेट ईपब उतरवता येतं आणि ते युनिकोडच असतं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे हरिभाऊ आपटे (मृत्यू १९१९), साने गुरुजी (मृत्यू १९५०) यांचं साहित्य निर्धास्त वाचता येतं. ई साहित्य प्रतिष्ठान आणि साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं मुख्यतः पीडीएफ, तिथे वरची नोटपॅड-तपासणी लावायची.

ईपब किंडलवर केबलने टाकू नका, यादीत दिसतच नाही. सेंड टू किंडल या अमेझॉनच्या सोयीने पाठवा. ईमेलने एकूण ५० एमबीपर्यंत जातं, वेबसाइटवरून २०० एमबीपर्यंत. ईमेलने पाठवताना आधी स्वतःचा पत्ता अमेझॉन खात्यातल्या मंजूर यादीत टाकावा लागतो, फाइल पोहोचली नाही तर पहिल्यांदा हेच बघा. मोठ्या स्कॅन पीडीएफ मात्र केबलने ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये सरळ टाकता येतात.

वाचनालयाचं कार्ड बंद करू नका, हे मनापासून सांगतो. ई-पुस्तक विकत घेतलं तरी हातात येतो तो वाचण्याचा परवाना. ते शेजाऱ्याला देता येत नाही, वाचनालयाला भेट देता येत नाही. २००९ मध्ये अमेझॉनने हक्कांच्या वादातून विकलेली पुस्तकं लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली होती, आणि फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने टाकण्याची सोयही बंद आहे. जे पुस्तक घरात पिढ्यानपिढ्या राहावं असं वाटतं, ते छापीलच घ्या.

सात रस्ता
उन्हाळा आणि टिकाऊपणाबद्दल.

किंडलसाठी चालू वापराची मर्यादा ० ते ३५ अंश दिलेली असते, नुसतं ठेवण्यासाठी ४५ पर्यंत. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४४ वर जातो, पत्र्याच्या खोलीत दुपारी ३५ सहज ओलांडतं. तेवढ्याने यंत्र लगेच बंद पडत नाही, बॅटरी मात्र लवकर म्हातारी होते, आणि तापलेल्या अवस्थेत चार्जिंग सगळ्यात घातक. चार्जिंग सकाळी करा, उशीवर किंवा गादीवर ठेवून नको. गाडीच्या डॅशबोर्डवर, स्कूटरच्या डिकीत दुपारी अजिबात ठेवू नका. २० टक्क्यांवर लावा, ८०-९० वर काढा. महिना-दोन महिने वापर नसेल तर निम्म्यावर ठेवा. पूर्ण रिकामी बॅटरी पडून राहिली की पुन्हा उठेलच असं नाही.

लाइट गेली तरी अडत नाही हा मोठा फायदा. ई-इंकला पान पालटतानाच वीज लागते, पान स्थिर असताना शाई जागेवर राहते. पुढचा दिवा मंद ठेवला आणि वायफाय बंद असेल तर चार्जिंग आठवडे पुरतं. हुतात्मा किंवा सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या प्रवासात पॉवर बँक नेण्याची गरज नाही.

नव्या यंत्राचं चार्जिंग दोन दिवसांत उतरलं, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा बॅटरी ठीक असते. एकदम दोनशे पुस्तकं टाकली की यंत्र आतल्या आत शब्दांची सूची बांधत बसतं आणि एखादी बिघडलेली फाइल त्याला अडकवून ठेवते. ओळखायचं असं: शोधाच्या चौकटीत ‘कखगघङ’ असलं काहीतरी निरर्थक टाका. सूचीत न आलेल्या पुस्तकांची यादी दिसते. त्यातली जी दिवसभरानंतरही हलत नाही ती काढून टाका. पुस्तकं दहा-पंधराच्या टप्प्यांनी भरा.

यंत्र गोठलं तर पॉवरचं बटण ४० सेकंद दाबून धरा. आधीच्या पानाची सावली राहत असेल तर दर पानाला ताजं करण्याची सेटिंग चालू करा.

खरी भीती दाबाची. पडद्यामागे अगदी पातळ काचेचा थर असतो. पिशवीत डब्याखाली चेपला की वरून ओरखडाही दिसत नाही आणि स्क्रीनवर कायमच्या रेघा पडतात. पॅनेल हाच यंत्राचा सगळ्यात महाग भाग, म्हणून दुरुस्ती परवडत नाही. कडक पुठ्ठ्याचं झाकण पहिल्या दिवसापासून लावा. धूळ पोर्टमध्ये साचते आणि केबल सैल बसते. यंत्र बंद करून कोरड्या लाकडी टूथपिकने काढा, टाचणी किंवा पिन घालू नका.

जुळे सोलापूर
आईच्या तेलुगूसाठी किंडलच्या भरवशावर राहू नका. २०१६ च्या त्या पाच भाषांत तेलुगू नव्हती, कन्नडही नव्हती. तेलुगू विकिस्रोताचं एखादं ईपब पाठवून अक्षरं जुळून येतात का ते आधी बघा, त्यांचं वाचन जास्त असेल तर साधा १० इंची टॅबलेट जास्त उपयोगी पडेल.

घरात कोणी एमपीएससी करत असेल तर हे यंत्र त्याच्यासाठी नाही. अभ्यासात पुढे-मागे चाळावं लागतं, नकाशे आणि तक्ते बघावे लागतात, आणि ई-इंकवर प्रत्येक उडीला क्षणभर थांबावं लागतं. ई-पेपरही विसरा, वर्तमानपत्राचं पान ७ इंचात मावत नाही. सरळ ओळीने वाचायच्या कादंबऱ्या, चरित्रं, आत्मचरित्रं यांसाठी मात्र याच्यासारखं दुसरं काही नाही.

अशोक चौक
म्हणजे ७ इंची किंडल, स्कॅनसाठी आडवी स्क्रीन, वाचनालय चालूच, आणि आईसाठी वेगळा विचार. अक्षर अजून ठळक हवं असेल तर?

खिळेजुळणी
विकत घेतलेल्या आणि ईपब पुस्तकांत ठळकपणाची पट्टी असते, दोन-तीन घरं पुढे न्या. ‘मुक्ता’ (Mukta) किंवा नोटोसारख्या युनिकोड फॉन्टची टीटीएफ फाइल केबलने ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये टाकली की अक्षरांच्या यादीत दिसते. श्रीलिपीचा फॉन्ट तिथे टाकून उपयोग नाही. ओळींमधलं अंतरही वाढवा, नाहीतर मोठ्या आकारात वेलांट्या वरच्या ओळीला टेकतात.

यंत्र हातात आलं की परत देण्याची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी तपासा. ‘दर्या, दऱ्या, कुऱ्हाड, हृदय, द्वंद्व, ज्ञानेश्वर’ एवढं लिहिलेली फाइल पाठवून जोडाक्षरं नीट दिसतात का बघा. तुमच्या सगळ्यात फिकट स्कॅनची दहा पानं आडव्या स्क्रीनवर वडिलांना वाचायला द्या. आणि रात्री खोलीतला दिवा घालवून पुढचा उजेड पानभर सारखा पडतो का, की खालच्या कडेला डाग दिसतात, ते बघा. वडिलांच्या चष्म्याचा नंबर वर्षभरात तपासला नसेल तर ते काम मात्र खरेदीच्या आधी करा.