ज्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही, असा गणिताचा मास्तर मराठी पडद्यावर कोण साकारेल?

गिरगावकर

केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही रहस्यकादंबरी २००५ साली जपानमध्ये प्रसिद्ध झाली. तिला नाओकी पुरस्कार मिळाला आणि पुढे तिच्यावर जपानी, कोरियन, चिनी आणि हिंदी चित्रपट निघाले. मराठीत मात्र तो अजून निघालेला नाही. तो निघावा आणि मुंबईत घडावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे, आणि निघालाच तर त्यात कोणी काम करावे, याबद्दल माझे मत ठाम आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, तोक्योतील एका शाळेत गणित शिकवणारा इशिगामी हा एकटा राहणारा गृहस्थ शेजारच्या खोलीतील यासुको या स्त्रीवर मनातल्या मनात प्रेम करत असतो. तिच्या हातून तिच्या आधीच्या नवऱ्याचा खून होतो आणि हा मास्तर तिला व तिच्या मुलीला वाचवण्यासाठी एक बिनतोड योजना रचतो. खून कोणी केला हे वाचकाला पहिल्याच प्रकरणात कळते. रहस्य पुढेच आहे आणि ते मी फोडणार नाही.

मूळ पुस्तकात इशिगामी ठेंगणा, जाडसर, गोल चेहऱ्याचा, बारीक डोळ्यांचा आणि विरळ केसांचा आहे. त्याचे वय तितके नसूनही तो पन्नाशीचा वाटतो. हे वर्णन लेखकाने सजावटीसाठी केलेले नाही. पुस्तकात एका ठिकाणी इशिगामी आणि त्याचा कॉलेजमधील मित्र, भौतिकशास्त्रज्ञ युकावा, बरोबर चाललेले असतात. काचेत दोघांची प्रतिबिंबे दिसतात, आणि मित्र अजून किती तरुण दिसतो, त्याचे केस किती दाट आहेत, असे काहीसे इशिगामी बोलून जातो. ज्याने आयुष्यात स्वतःच्या दिसण्याची कधी फिकीर केली नाही, त्याच्या तोंडून हे वाक्य ऐकून मित्र चमकतो आणि याच्या आयुष्यात कोणीतरी स्त्री आली आहे, हे ताडतो. तपासाला तिथे वळण मिळते. आता मला सांगा, इशिगामीच्या जागी देखणा नट उभा केला, तर त्या वाक्याला अर्थ काय उरेल?

माझी निवड गिरीश कुलकर्णी यांची आहे. ‘देऊळ’मधला केशा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे पटेल. हा नट गर्दीत मिसळून जातो, आणि एखादी गोष्ट मनात धरून बसलेला माणूस कसा दिसतो, हे त्याला चेहरा फारसा न हलवता दाखवता येते. त्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. भौतिकशास्त्रज्ञ मित्र म्हणून मला सुबोध भावे हवे आहेत. दोघे एकाच पिढीचे असल्यामुळे एका वर्गात शिकले असतील, हे सहज खरे वाटते, आणि काचेतला तो प्रसंग त्यांना एकमेकांशेजारी उभे करताच अर्धा झालेला असतो.

दादर पश्चिम

गिरगावकर, आपण पुस्तक बारकाईने वाचले आहे यात शंका नाही. परंतु पुस्तकातील वर्णनाला इतके चिकटून पात्रनिवड करणे मला मान्य नाही.

पहिली गोष्ट व्यवहाराची आहे. मराठी चित्रपटाला खेळ मिळवण्यासाठी किती झगडावे लागते, हे मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. राज्य सरकारला २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइमला मराठी चित्रपट दाखवण्याचा आग्रह धरावा लागला, त्यावरून केवढा वाद झाला, आणि आजही गोरेगावला सकाळी साडेनऊचा एकच खेळ पाहून परत फिरणारे प्रेक्षक मी पाहतो. अशा बाजारात ज्या कथेत मारामारी नाही, गाणे नाही, दोन माणसे गणितावर आणि जेवणाच्या डब्यावर बोलत आहेत, तिला ओळखीचा चेहरा नसेल तर पहिल्या शुक्रवारी येणार कोण?

दुसरी गोष्ट कलेची आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. नटाने शरीर बदलावे, ही आपल्याकडची फार मोठी परंपरा आहे. ‘नटरंग’साठी अतुल कुलकर्णी यांनी आधी पहिलवानाचे शरीर कमावले आणि मग तेच शरीर उतरवून नाच्या उभा केला. सुबोध भावे यांनी २०११ साली बालगंधर्व साकारले, २०१५ साली लोकमान्य टिळक आणि २०१८ साली डॉ. काशिनाथ घाणेकर. ज्या नटाला शालू नेसून बालगंधर्वांची लकब आणि पगडी घालून टिळकांचा करारीपणा पेलता आला, त्याला गणिताचा मास्तर पेलणार नाही, असे आपण का धरून चालता? मी तर म्हणतो, मास्तर सुबोध भावेच असावेत. दाट केसांचा, देखणा माणूस प्रयत्नपूर्वक स्वतःला पुसून टाकतो आहे, हे पाहणे प्रेक्षकासाठी अधिक वेदनादायक ठरेल.

हिंदीतही हेच झाले. २०२३ मध्ये आलेल्या ‘जाने जान’मध्ये जयदीप अहलावत यांनी रंगभूषेच्या साह्याने टक्कल घेतले, कथा कालिम्पाँगला नेली गेली, आणि तरीही मास्तराचे दुःख कमी झाले नाही.

गिरगावकर

‘जाने जान’चे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. अहलावत यांना टक्कल द्यावे लागले, याचाच अर्थ दिसण्याला या कथेत महत्त्व आहे, हे दिग्दर्शक सुजॉय घोष यांनी ओळखले होते. शिवाय तिथे नायिका करीना कपूर होत्या. प्रेक्षक खेचण्याचे काम त्यांच्या नावाने केले आणि मास्तराच्या भूमिकेसाठी कसलेला नट घेता आला. मराठीत हाच मार्ग का धरू नये?

बालगंधर्वांविषयी माझा आक्षेप वेगळा आहे. बालगंधर्व, टिळक, घाणेकर ही तिन्ही माणसे अशी होती की, ती आत आली की सगळ्यांच्या माना वळत. सुबोध भावे यांची ताकद तिथे आहे. इशिगामी आत आला तर दुकानातील बाई पोळ्या मोजत राहते, आणि तसेच व्हायला हवे.

मुलुंडची वाचक

आपण दोघेही पुरुषांबद्दलच बोलत आहात, याचे मला वाईट वाटते. ही कथा त्या स्त्रीवर उभी आहे. मास्तर योजना रचतो हे खरे, पण ती योजना दररोज पाळावी लागते तिला. पोलीस दारात आल्यावर चहा विचारावा लागतो तिला, आणि मुलीच्या चेहऱ्यावर भीती दिसू नये म्हणून रात्रभर जागावे लागते तेही तिलाच.

मूळ कादंबरीत यासुको पूर्वी क्लबमध्ये होस्टेस होती आणि आता जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करते. मुंबईत याला किती नेमके रूप मिळेल, याचा विचार करा. महाराष्ट्रात ऑगस्ट २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली. म्हणजे ज्या वर्षी ही कादंबरी जपानमध्ये आली, त्याच वर्षी या शहरात हजारो बायकांचे काम एका रात्रीत गेले. त्यांतील एकीने नाव बदलून, मुलीला घेऊन, परळ-लालबागच्या एखाद्या जुन्या चाळीत खोली घेतली आणि ती पोळी-भाजी केंद्रात कामाला लागली. शेजारी मास्तर, मधे एकच भिंत आणि पुढे सामाईक गॅलरी. कथेला अजून काय हवे?

माझ्या घराखाली असे एक केंद्र आहे. तिथे काम करणारी बाई आठ पोळ्या न मोजता उचलते आणि त्या आठच असतात. वरणाच्या पिशवीला ती अशी गाठ मारते की घरी गेल्यावर ती कात्रीनेच कापावी लागते. समोरचे गिऱ्हाईक कोण आहे, हे ती चेहऱ्यावरून ओळखत नाही, तर ‘चार पोळ्या, एक सुकी भाजी’ या मागणीवरून ओळखते. ही भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीचे हात असे चालले पाहिजेत. त्याच वेळी, हिने एकेकाळी रात्री दोनपर्यंत अनोळखी पुरुषांसमोर हसत उभे राहण्याचे काम केले आहे, हेही तिच्या हसण्यात एखाद्या क्षणी दिसले पाहिजे.

म्हणून माझे मत अमृता सुभाष यांना आहे. ‘किल्ला’मधील त्यांची आई आठवा. नवरा गेल्यानंतर बदलीच्या गावी मुलाला घेऊन आलेली, नोकरीतील ताण घरी न आणण्याचा प्रयत्न करणारी आणि तरीही मुलासमोर उघडी पडणारी. आई आणि मूल यांच्यातील न बोललेली गोष्ट पडद्यावर आणणे त्यांना जमते. करीना कपूर यांच्याप्रमाणे मराठीतही नायिकेच्या भूमिकेत सर्वांत झगमगते नाव घ्यावे, ही गिरगावकरांची सूचना मला पटत नाही. मास्तर सामान्य दिसावा म्हणून एवढा आग्रह आणि स्त्री मात्र तारकाच हवी, हा न्याय कुठला?

गिरगावकर

आपला मुद्दा मला मान्य आहे आणि मी माझी सूचना मागे घेतो. डान्स बार बंदीचा संदर्भ माझ्या डोक्यातही आला नव्हता, आणि तो आल्यावर कथा मुंबईत आणण्याला खरे कारण मिळाले. गीतांजली कुलकर्णी यांचेही नाव मी सुचवीन. ‘कोर्ट’मध्ये दिवसभर सरकारी बाजू मांडून लोकलने घरी जाणारी आणि घरी गेल्यावर स्वयंपाकाला लागणारी वकील त्यांनी ज्या सहजतेने उभी केली, ती सहजता इथे उपयोगी पडेल.

पडद्यामागचा

मी अनेक वर्षे रंगभूषेच्या कामात आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. टक्कल लावता येते, पोट लावता येते, दातांची ठेवण बदलता येते. मान बदलता येत नाही. ज्या नटाला वर्षानुवर्षे प्रकाशात उभे राहण्याची सवय आहे, त्याची मान नकळत उजेडाकडे वळते. ही सवय मोडायला महिने लागतात आणि मराठी निर्मितीत नटाला तेवढे महिने मिळत नाहीत. ‘नटरंग’ हा अपवाद होता.

दादर पश्चिम

आपल्या अनुभवाचा आदर आहे, परंतु महिने मिळत नाहीत हा निर्मात्याचा दोष झाला. त्यासाठी नटाला भूमिका नाकारणे योग्य नाही. ‘गॉन गर्ल’ या २०१२ च्या गाजलेल्या अमेरिकी कादंबरीवर डेव्हिड फिंचर यांनी २०१४ मध्ये चित्रपट केला, तेव्हा बायको हरवलेल्या नवऱ्याच्या भूमिकेत त्यांनी बेन ॲफ्लेक यांना घेतले. प्रेक्षकांना तो चेहरा आधीपासून ठाऊक होता, त्याच्याविषयी मते बनलेली होती, आणि कथेत सगळा देश त्या नवऱ्याबद्दल मत बनवतो आहे, त्याला त्या ओळखीमुळेच धार आली. म्हणजे ताऱ्याची ओळख रहस्यकथेला मारक असते, हे खरे नाही.

उलट पुस्तकाबरहुकूम नट हवा, या हट्टाचेही उदाहरण घ्या. ली चाइल्ड यांचा जॅक रीचर पुस्तकात सहा फूट पाच इंचांचा आहे. २०१२ साली टॉम क्रूझ यांनी ती भूमिका केली तेव्हा वाचक उंचीवरून नाराज झाले, तरी चित्रपटाने जगभरात वीस कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.

गिरगावकर

आणि तरीही २०२२ मध्ये मालिका काढताना ॲलन रिचसन यांच्यासारखा धिप्पाड नट घेतला गेला, हे आपण सांगायचे राहिले. वाचकांची तक्रार दहा वर्षे जिवंत राहिली, कारण रीचरची उंची कथेत काम करते. तो खोलीत शिरला की समोरचा माणूस हिशेब करतो, लढावे की पळावे.

‘गॉन गर्ल’बाबत आपण अगदी बरोबर आहात, आणि आपल्या उदाहरणामुळे माझे म्हणणे मला स्वतःला अधिक स्पष्ट झाले. त्या कथेत नवऱ्याकडे सगळे जग पाहत आहे, म्हणून ओळखीचा चेहरा हवा. इथे मास्तराकडे कोणीच पाहत नाही, त्याचे विद्यार्थीसुद्धा नाहीत. त्याच्या साऱ्या योजनेचे बळ लोकांच्या या न पाहण्यात आहे. म्हणून प्रत्येक कथेसाठी निवडीचा निकष वेगळा लावावा लागतो.

एक गोष्ट मात्र आपण तिघेही विसरत आहोत, ती म्हणजे तो भौतिकशास्त्रज्ञ मित्र. कोरियन रूपांतरात हे पात्र पूर्ण काढून टाकले, हिंदीत त्याला पोलीस अधिकारी करून टाकले. मला दोन्ही मान्य नाही. बुद्धीने आपल्या बरोबरीचा असा एकच माणूस या मास्तराला आयुष्यात भेटला, आणि त्याच माणसाला त्याचा शेवट करावा लागतो, हे दुःख पोलिसाच्या वर्दीत बसत नाही. मराठी चित्रपटात तो मुंबई विद्यापीठात किंवा आयआयटी पवईत शिकवणारा प्राध्यापक असावा. एका जुन्या सोडवलेल्या गणिताचा कागद आणि एक बाटली घेऊन, वीस वर्षांनी तो मित्राच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत येतो, आणि दोघे पहाटेपर्यंत त्या कागदावर वाकून बसतात. या प्रसंगासाठी सुबोध भावे मला हवे आहेत, दुय्यम भूमिका म्हणून नव्हे.

मुलुंडची वाचक

ऑडिशनला कोणता प्रसंग द्याल?

गिरगावकर

संवाद नसलेला. सकाळचे साडेसात, पोळी-भाजी केंद्रासमोर पाच माणसे. मास्तर तिसरा. त्याने सुटे पैसे आधीच मोजून मुठीत धरले आहेत, कारण तिला सुट्ट्यांसाठी गल्ला चाचपावा लागू नये. ती नेहमीचा डबा पुढे सरकवते आणि नजर चौथ्या गिऱ्हाइकाकडे नेते. मास्तर डबा घेतो आणि निघतो. त्याला मागे वळून पाहायचे आहे आणि तो पाहत नाही. एवढेच करून दाखवायचे.

दादर पश्चिम

या प्रसंगाला माझी हरकत नाही. फक्त त्या रांगेत तिसऱ्या जागी एकदा सुबोध भावे यांनाही उभे करून पाहावे, आणि मगच ठरवावे.