अनुदान विद्यार्थ्यांच्या खात्यात टाका म्हणणाऱ्यांना

तासिकाधारक:
काल इथे एकाने लिहिलं, "अनुदानित कॉलेजांचं अनुदान बंद करा, तेच पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात टाका. चांगली कॉलेजं टिकतील, बाकीची जातील." बऱ्याच जणांनी मान डोलावली. मला रात्री झोप लागली नाही.

मी बुलढाणा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी इतिहास शिकवतो. प्राध्यापकीसाठी लागणारी सेट परीक्षा आणि पीएचडी दोन्ही आहे, पण कायम नाही, तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे. विभागात मंजूर पदं तीन. दोन सर निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. २०१७ ला भरती थांबली, २०१८ ला रिक्त जागांपैकी ४० टक्के भरायची परवानगी आली, त्यात आमच्या विषयाचा नंबर लागला नाही. उरलेल्या मॅडम प्रभारी प्राचार्य आहेत, म्हणजे एफवाय ते टीवाय, तिन्ही वर्षं मीच. कागदावर आठवड्याला ९ तास, तासाला १००० रुपये. नव्या शैक्षणिक धोरणाचे (एनईपी) मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे सगळे विषय धरले की प्रत्यक्षात सतरा-अठरा. जुलैपासूनचं मानधन मार्चमध्ये हाती पडलं. आमच्याकडे कपात अशी होते: माणूस निवृत्त होतो आणि त्याची खुर्ची तशीच राहते.

मुलीच्या खात्यात पैसे टाकाल, पण दुसरं कॉलेज ३४ किलोमीटरवर आहे. ती निवडणार काय?

सातबारा:
ती पोस्ट माझी. तुमचे हाल खरे आहेत, पण तुमच्या मांडीला मांडी लावून बसणाऱ्या कायम प्राध्यापकाचा पगार दीड लाखाच्या वर आहे, त्यावर बोला. माझा मुलगा कॉमर्सला आहे. आठवड्यातून दोनदा जातो, बाकी दिवस क्लास. ७५ टक्के हजेरी कशी भरते ते मला माहीत आहे. रिकाम्या बाकांसाठी मी कर भरायचा?

जुना_टीवाय:
२०१३ चा प्राध्यापकांचा परीक्षा बहिष्कार कोणाला आठवतोय का? मी तेव्हा टीवायला होतो. निकाल लांबला, पुढचा प्रवेश हुकला, एक वर्ष गेलं. तेव्हा या मंडळींना विद्यार्थी दिसला नव्हता.

निवृत्त_मास्तर:
सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी सरकारने अडवून धरली होती, म्हणून ती वेळ आली. तुमचं वर्ष गेलं याचं मला आजही वाईट वाटतं. पण राग चुकीच्या दारावर काढताय. २००१ पासून नव्या कॉलेजांना परवानगीच कायम विनाअनुदान तत्त्वावर मिळते. सरकारने अंग काढून घेतलं ते तेव्हापासून.

कोकणकडा:
सरकारकडे पैसा नाही हे साफ खोटं. लाडक्या बहिणींना दरमहा १५०० द्यायला आहे ना? २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी तिकडे वळवले, खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. आणि त्याच खात्याच्या वसतिगृहातली पोरं भत्त्याची वाट बघतात. मतं विकत घ्यायची आणि कॉलेजं उपाशी मारायची.

एसटीचा_पास:
"मतं विकत"? तोंड सांभाळून बोला. माझी आई शेतमजूर आहे. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट असतो, एफवायला आले आणि तो बंद झाला. पासाचे पैसे आईच्या त्या पंधराशेतून जातात. परीक्षा फीसुद्धा. तुमच्या अनुदानित कॉलेजात मी पोचते ती आईच्या पैशावर.

कोकणकडा:
ताई, तुमच्या आईबद्दल बोललो नाही. पण सरकारने पासच मोफत केला असता तर आईचे पैसे घरात राहिले असते.

एसटीचा_पास:
केला असता, दिला असता! पंधरा वर्षांत केला का? हातात आलेले पैसे सोडून तुमच्या "असता"वर आईने थांबायचं? प्राध्यापकाचा पगार थकला की तो तुम्हाला अन्याय वाटतो, बाईच्या हातात पैसा आला की उधळपट्टी.

सातबारा:
ताईंनी माझाच मुद्दा सिद्ध केला. पैसे थेट हातात आले म्हणून उपयोगी पडले.

एसटीचा_पास:
नाही. मला पास पण हवा आणि शिकवणारे पण. यावर्षी भूगोलाचे सर दिवाळीनंतर आले. खात्यात पैसे टाकून ते लवकर आले असते का?

निवृत्त_मास्तर:
माझी भाची बी. फार्म.ला आहे. २०२४ ला ८ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. निर्णय चांगलाच. पण तिचं कॉलेज म्हणालं, आधी पूर्ण भरा, सरकारकडून आले की परत करू. भावाने सोसायटीतून कर्ज काढलं. तेव्हा सातबारा, सरकारचे पैसे वेळेवर येतील हे गृहीत धरूच नका.

सातबारा:
वेळेवर येत नाहीत, ठीक, मान्य. आमच्या गावचं कॉलेज बंद पडलं तर माझी पुतणी शिकणार नाही, हेही मला कळतं. पण बिनवर्गाचे पगार मी मान्य करणार नाही. हजेरीचं आधी सांगा.

तासिकाधारक:
हजेरीचं तुमचं बरोबर आहे. खोट्या सह्या आमच्याकडेही होतात, मी पाहिल्यात आणि गप्प बसलोय, कारण जूनमध्ये पुन्हा नेमणूक हवी असते. कायम नोकरी असती तर बोललो असतो.

सातबारा:
एवढं उघड लिहिलंत, म्हणून एक पाऊल मागे घेतो. निवृत्त होणाऱ्याची जागा सहा महिन्यांत भरा आणि वर्ग भरतो की नाही हे बाहेरच्या माणसाने येऊन तपासू द्या. दुसरं होणार असेल तर पहिल्याला माझा विरोध नाही.

तासिकाधारक:
उद्याच तपासा. सकाळी साडेसातला एसवायचा तास आहे, ४१ मुलं असतात.